पुस्तकाची किंमत आणि पुस्तकाची मालकी

गेल्या वर्षी बी. ए.च्या शेवटच्या वर्गात मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' शिकवायला घेतले. पहिल्या दिवशी मुलांना एवढेच सांगितले की, उद्या येताना ग्रंथ घेऊन या. दुसऱ्या दिवशी हा ग्रंथ वर्गात तीन रूपांनी आला. बहुतेकांच्या मोबाईलवर कोणीतरी कोणाला पाठविलेली पीडीएफ होती. तिला एक पैसाही पडला नव्हता. एका मुलीने शंभराच्या आत किंमत मोजून ई-पुस्तक विकत घेतले होते. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने वडिलांच्या पेटीतून काढलेली, पाठीला खळ लावून चिकटवलेली छापील प्रत आणली होती. तिच्या पहिल्या पानावर तीन वेगवेगळ्या शाईंत तीन नावे होती.

पैसे मोजणाऱ्या मुलीने विचारले, "सर, ह्यात कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही. मग पैसे कशाचे?" मी उत्तर देण्याच्या आत तिनेच पुढे विचारले, "आणि पैसे दिलेत, तर मग मैत्रिणीला वाचायला देता का येत नाही?"

प्राध्यापकाला उत्तर येत नसले की तो "पुढच्या तासाला पाहू" असे म्हणतो. मीही तेच म्हणालो. हा लेख म्हणजे तो पुढचा तास आहे.

पहिला प्रश्न किंमतीचा. तो आपल्याकडे नवा नाही, आणि योगायोग असा की तो ह्याच ग्रंथाच्या संदर्भात पूर्वी एकदा निघालेला आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून मंडळ बिचकले आणि १९३६ साली ती परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले व किंमत आठ आणे ठेवली. त्याच वर्षी जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचा परामर्श घेतला. त्यात त्यांनी काय आक्षेप घेतले आणि बाबासाहेबांनी त्यांना काय उत्तर दिले, हे वाचकांना ठाऊक आहे. परंतु त्याच लेखात गांधीजींनी किंमतीविषयीही एक सूचना केली होती, ती सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आठ आणे जास्त होतात, दोन आणे करावी, निदान चार आणे तरी, अशी ती सूचना होती.

ही सूचना वाईट हेतूने केली होती असे मला म्हणायचे नाही. सुधारकांनी हे भाषण वाचले पाहिजे, असेच त्यांचे म्हणणे होते. शिवाय दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, म्हणजे आठ आणे देणारेही निघाले. मला ह्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. किंमत कमी करा, असे सांगणे नेहमीच सोपे असते. कमी केलेल्या किंमतीचा खड्डा कोणी भरून काढायचा, हे मात्र सांगणारा सांगत नाही. आज ई-पुस्तकांच्या किंमतीवर जी मते ऐकू येतात, त्यांतली निम्मी ह्याच जातीची आहेत. कागद नाही म्हणजे खर्च नाही, असे धरून ही मंडळी बोलत असतात.

वस्तुतः पुस्तकाच्या किंमतीत कागद आणि छपाई हा एक भाग असतो, आणि तो सर्वांत मोठा असतोच असे नाही. वितरकाचे व दुकानदाराचे कमिशन असते. संपादन, मुद्रितशोधन, अनुवाद असेल तर अनुवादकाचे मानधन, आणि सर्वांत शेवटी, उरले तर, लेखकाचे मानधन. कागद गेला तरी ही माणसे जात नाहीत. मराठीत तर एक जास्तीचा खर्च बसतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपली बहुतेक पुस्तके श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांत जुळविली गेली. तिथे संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसविलेल्या असतात. ती फाईल युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या सुटतात. म्हणजे तीनशे पानांचे पुस्तक पुन्हा पहिल्यापासून तपासणे आले. पाचशे प्रतींची आवृत्ती काढणारा आपल्यातला प्रकाशक हा खर्च कोठून करणार? म्हणून त्याचे पुस्तक ई-पुस्तक होत नाही. ते कोणाच्या तरी मोबाईलने काढलेल्या फोटोंची पीडीएफ होते. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि अंध विद्यार्थ्याला वाचून दाखविणारे यंत्र त्यापुढे मुके होते.

कराचाही एक हिशेब आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा छापील पुस्तक करमुक्त ठेवले गेले, ई-पुस्तकावर मात्र १८ टक्के बसले. २०१८ च्या जुलैमध्ये, ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्या ई-पुस्तकापुरते ते ५ टक्क्यांवर आणले गेले. आणि ज्या यंत्रावर ते वाचायचे त्या मोबाईलवरचा कर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला. कागदावरचे अक्षर आणि काचेवरचे अक्षर ह्यांत शासनाने भेद केला आहे. तो जाणूनबुजून केला असेल असे मला वाटत नाही, पण केला आहे.

आता, किंमत ठरवितो कोण? ह्याचे उत्तर पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते, कारण हा खेळ तिथेच मांडला गेला आणि त्याचे नियम आपल्यापर्यंत तयार होऊन आले. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र ३९९ डॉलरला बाजारात आणले आणि खपाची नवी पुस्तके ९ डॉलर ९९ सेंटला विकायला सुरुवात केली. प्रकाशकांकडून घेताना अनेक पुस्तकांना ह्याहून जास्त पैसे पडत होते. म्हणजे कंपनी पुस्तकावर तोटा सोसत होती, आणि बदल्यात वाचक आपल्या यंत्राला बांधून घेत होती. प्रकाशक घाबरले. वाचकाला एकदा ह्या किंमतीची सवय लागली की कागदी पुस्तकाची किंमतही पडेल, ही त्यांची भीती. जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅपलने आयपॅड जाहीर केला तेव्हा पाच मोठ्या प्रकाशकांनी अ‍ॅपलशी नवा करार केला. त्यानुसार किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि दुकानाने ३० टक्के कमिशन घ्यायचे. मॅकमिलनने हीच अट अ‍ॅमेझॉनला घातली, तेव्हा अ‍ॅमेझॉनने त्या प्रकाशकाच्या सर्व पुस्तकांचे विक्रीचे बटनच काही दिवस काढून टाकले. पुढे अमेरिकी सरकारने २०१२ साली अ‍ॅपल व प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला, २०१३ साली अ‍ॅपल दोषी ठरली, २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला, आणि अ‍ॅपलला ४५ कोटी डॉलर भरावे लागले.

ही हकीगत एवढ्याचसाठी सांगितली की, दोन धनदांडग्यांच्या भांडणात एक दुकानदार आणि एक उत्पादक पुस्तकाची किंमत ठरवीत होता. लेखक त्यात नव्हता आणि वाचकही नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हा आपल्याला हे दुकान बांधून तयार मिळाले.

परंतु माझ्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. पैसे दिले, तरी देता का येत नाही?

ह्याचे कायदेशीर उत्तर एका वाक्यात देता येते. तिने पुस्तक विकत घेतलेलेच नाही. तिने ते वाचण्याचा परवाना घेतला आहे. हा फरक समजण्यासाठी पुन्हा अमेरिकेतलाच एक जुना खटला पाहण्यासारखा आहे. बॉब्ज-मेरिल नावाच्या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' ह्या कादंबरीत छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किंमतीला विकेल त्याने आमच्या हक्काचा भंग केला असे समजू. मेसी ह्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली निकाल लागला की, प्रत एकदा विकल्यावर तिच्यावरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. पुढे ती कोणी कितीला विकावी हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पुस्तकाच्या प्रती लोकांत वितरित करण्याचा हक्क सांगताना, आधीच फिरत असलेल्या प्रती वगळल्या आहेत. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरचा विक्रेता, जुनी क्रमिक पुस्तके निम्म्या किंमतीत घेणारा दुकानदार आणि भावाचे पुस्तक वापरणारी धाकटी बहीण हे सगळे ह्या तत्त्वाच्या आधाराने उभे आहेत.

डिजिटल प्रतीला हे तत्त्व लागू होत नाही, असे न्यायालयांनी ठरविले. विकत घेतलेले गाणे पुन्हा विकू पाहणाऱ्या रीडिजी ह्या कंपनीविरुद्ध अमेरिकेत २०१३ साली आणि अपिलात २०१८ साली निकाल गेला. युरोपच्या न्यायालयाने २०१९ साली जुन्या ई-पुस्तकांच्या विक्रीबाबत तेच सांगितले. त्यामागे कारण आहे: कागदी प्रत दिली की आपल्याजवळ राहत नाही, डिजिटल प्रत दिली तरी राहते. हे कारण खोटे नाही. पण त्या कारणाचा आधार घेऊन दुकानदाराने जे मिळविले ते फार मोठे आहे. विकलेल्या वस्तूपर्यंत त्याचा हात पोहोचू लागला.

जुलै २००९ मध्ये हे उघडपणे दिसले. अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके वाचकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्या कंपनीकडे त्यांचे हक्क नव्हते, म्हणून पैसे परत केले आणि पुस्तके नेली. त्यांतले एक '१९८४' होते, हा विनोद तेव्हा जगभर झाला. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेल्या टिपा मात्र निरुपयोगी झाल्या, कारण ज्या मजकुरावर त्या होत्या तोच राहिला नव्हता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले. विकलेली सर्व पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी समासात टिपा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर जास्तीचे मिळाले. समासातल्या टिपांची किंमत इतक्या स्पष्टपणे ठरविलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही काढून घेतली. त्याच वर्षाच्या आरंभापासून कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला की, परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना तसे स्पष्ट सांगा. सांगा एवढेच, विका असे नाही.

पांढरपेशा वाचकाला ही गैरसोय वाटेल. त्याच्या घरात कपाट आहे, आणि त्या कपाटात आजोबांची पुस्तके आहेत. आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे कारण माझ्या घरापासूनच सांगतो.

माझे वडील सालगडी होते. आमच्या घरात पहिले पुस्तक विकत आले ते चैत्यभूमीवरून, एका ६ डिसेंबरला. वडिलांना जेमतेम अक्षर लावून वाचता येई. ते पुस्तक आमच्या घरी फार थोडे दिवस राहिले. ते विहारात गेले, तिथून शिक्षकाकडे, तिथून माझ्या आत्याच्या गावी. एका माणसाने किंमत दिली आणि वस्ती वाचत राहिली. कॅसेटचे तसेच. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही टेप १९८० नंतर आपल्याकडे स्वस्त झाली आणि ग्रामोफोनची तबकडी जिथे कधी पोहोचली नाही तिथे पोहोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांचे आवाज माझ्या पिढीने कॅसेटवरच ऐकले. वस्तीत टेप एकच, कॅसेट पाच-सहा, ऐकणारे दीडशे. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. त्या कॅसेटची किंमत दर माणशी काढली तर आजच्या कुठल्याही दरापेक्षा ती कमी निघेल. आज तीच गाणी मोबाईलवर जाहिरातीसह फुकट आहेत, आणि प्रत्येक जण कानात बोंडे घालून एकटा ऐकतो.

सांगायचे ते असे की, ज्यांच्याकडे वाचनालय नव्हते त्यांचे वाचनालय म्हणजे उसनवारी होती. ई-पुस्तक प्रत्येक वाचकाकडून वेगळी किंमत मागते. म्हणून नव्वद रुपयांचे ई-पुस्तक दोनशे रुपयांच्या छापील पुस्तकापेक्षा आपल्याला महाग पडते. दुकानाच्या पाटीवर हे दिसत नाही.

त्यात यंत्र आणि रिचार्ज धरा. २०१४ साली एक जीबीला सरासरी २७० रुपयांच्या घरात पडणारे इंटरनेट, जिओ आल्यानंतर, २०१८ पर्यंत १२ रुपयांच्या आसपास आले हे खरे. त्या वेळी खेड्यातल्या मुलांना जग दिसले हेही खरे. मी त्याला नावे ठेवणार नाही. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर एकदमच वाढविले. छापील पुस्तकाचा रिचार्ज संपत नाही.

मग वाचनालयाने हे करावे, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालये आहेत. परंतु वाचनालयांना ई-पुस्तके देताना परदेशी प्रकाशकांनी काय केले ते पाहिले पाहिजे. हार्परकॉलिन्सने २०११ साली अट घातली की, एक ई-पुस्तक २६ वेळा दिले की ते संपले. पुन्हा विकत घ्या. कागदी पुस्तक झिजते, म्हणून न झिजणाऱ्या पुस्तकालाही झीज लावली. माझ्या विद्यार्थ्याची ती खळ लावलेली प्रत सव्विसाहून अधिक हातांतून गेली असणार.

अशा वेळी पीडीएफ फिरते ह्यात नवल काय? बाबासाहेबांच्या लेखनापुरते तर त्यात गैरही काही नाही. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट १ जानेवारी २०१७ पासून संपला आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापील खंड मात्र मागणी असून मिळेनात, इतके की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. अभ्यासक्रमासाठी झेरॉक्स काढण्याच्या बाबतीतही विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला, २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१७ साली प्रकाशकांनी तो सोडून दिला.

ह्या निकालाचा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात मी एक चूक केली. आपल्यातल्याच एका हयात कवीचा संग्रह, पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यांनी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला. अभ्यासाला त्यातल्या चार कविता होत्या. मी सबंध संग्रहाची पीडीएफ केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. महिन्याभरात ती तीन जिल्ह्यांत पोहोचली असावी, कारण ती फिरत फिरत स्वतः कवीकडेच गेली. त्यांचा फोन आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, वाचलं जातंय ह्याचं बरं वाटलं. फक्त घरात अजून दोनशे ऐंशी प्रती आहेत, एवढं सांगायला फोन केला."

तेव्हापासून माझे मत थोडे बदलले आहे. फुकट असावे ते बाबासाहेबांचे, फुल्यांचे, ज्यांचा हक्क आता समाजाचा झाला आहे त्यांचे. आणि ते शासनाने नीट अक्षरांत, शोधता येईल असे द्यावे. हयात लेखकाचे पुस्तक मात्र विकत घ्यावे. पण विकत म्हणजे विकतच. देता यावे, ठेवता यावे, मुलीला वारशात मिळावे. ज्या दुकानाला हे जमत नाही त्याने किंमत त्या मानाने उतरवावी आणि विक्रीऐवजी भाडे हा शब्द वापरावा. आपल्या लहान प्रकाशकांनी एकत्र येऊन, कुलूप न लावलेली ई-पुस्तके माफक किंमतीत विकावीत. वाचक चोरी करतील ही भीती मला आहेच. मी स्वतः केली आहे.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला हे सगळे सांगितले. तिने विचारले, मग आता काय करायचे? वर्गणी काढून आम्ही त्या कवींच्या सहा छापील प्रती मागविल्या, खाकी कव्हरे घातली आणि विभागाच्या कपाटात एक वही ठेवली: घेतल्याची तारीख, परत दिल्याची तारीख. सहापैकी पाच परत आल्या आहेत. सहावी तिच्याच नावावर आहे. ती म्हणते, मावशीने नेली आहे, मावशीकडून शेजारीण घेऊन गेली आहे, येईल.